सहा अंड्यांचा सौदा

“वैजयंती, त्या बाईशी पुन्हा बोलताना दिसलीस, तर तुझं परतीचं तिकीट मी स्वतः काढीन,” लीस्बेथ म्हणाली.

म्हणाली कुठे, तर जिवंत ज्वालामुखीच्या तोंडाशी! खाली दोनशे फुटांवर जमीन रटरटत होती, पिवळ्या कपारींमधून वाफा फुसफुसत होत्या, आणि गंधकाचा वास असा की लवंगी माळांची सबंध पेटी कुणी नाकासमोर उडवली असावी. बाकीची पोरं वाकून वाकून फोटो काढत होती. आणि बाईंना मला झाडायला नेमका हाच मुहूर्त सापडला.

“बोलणं हा गुन्हा आहे का?” मी विचारलं.

“ती अंडी चोरते. सगळ्या गावाला ठाऊक आहे. आपला पहिला नियम काय?”

“घरट्याला हात लावायचा नाही, आणि लावणाऱ्याशी संबंध ठेवायचा नाही.”

“ही पहिली ताकीद. दुसरी ताकीद नसते, हेही लक्षात ठेव.”

मी मान डोलावली. डोलावली म्हणजे काय, तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण दगडाखाली हात होता. सोळा वर्षं झाली त्याला. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. दापोली तालुक्यातल्या समुद्राकाठच्या एका वाडीतून उठून शिष्यवृत्तीवर हॉलंडच्या विद्यापीठात पोचले होते, आणि तिथून सहा आठवड्यांच्या अभ्यासशिबिराला इंडोनेशियात, सुलावेसी बेटावर. हे शिबिर पास झालं तर पदवी. शिबिरातून काढलं तर शिष्यवृत्ती बंद, पदवी बंद, आणि सामान बांधून घरी. आमच्या वाडीतून परदेशी शिकायला गेलेली मी पहिली. सत्कार झाला होता माझा, नारळ-शाल घेऊन. आता कुठल्या तोंडाने परत जाणार?

लीस्बेथ आमची प्रोफेसर. साठीची, काटक, पांढऱ्या आखूड केसांची बाई. आमच्या शाळेत मास्तरांना कुणी नावाने हाक मारली असती तर छडी मोडेपर्यंत मार खाल्ला असता. तिकडे मात्र नुसतं ‘लीस्बेथ’ म्हणायचं. मी तोंडाने म्हणायचे, आणि मनात अहो-जाहो करायचे.

आम्ही तिथे गेलो होतो ते मालेओ नावाच्या पक्ष्यापायी. कोंबडीएवढा पक्षी. पाठ काळी, पोट गुलाबीसर, डोक्यावर हाडाचं टेंगूळ. दिसायला जरा गमतीदारच. पण याच्यासारखा बहाद्दर पक्षी मी दुसरा पाहिलेला नाही. हा अंडी उबवतच नाही. ज्वालामुखीच्या पायथ्याशी जिथे जमीन आतून गरम असते, तिथे नर-मादी मिळून हातभर खोल खड्डा खणतात, आपल्या कोंबडीच्या पाच अंड्यांएवढं एक अंडं त्यात घालतात, माती लोटतात आणि चालू लागतात. दोन-अडीच महिन्यांनी जमिनीच्या उबेवर पिल्लू तयार होतं. ते एकटंच माती उकरत वर येतं, अंग झटकतं आणि उडून जातं. आई नाही, बाप नाही, कुणी भरवायला नाही. जन्मल्याच्या दिवशी आपला हात जगन्नाथ!

घरटी शोधून तिथे बांबूच्या काडीवर झेंडी लावायची, हे आमचं काम. माती वरून सगळी सारखीच दिसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात बाकीच्या सगळ्यांनी मिळून सहा घरटी शोधली. मी एकटीने एकेचाळीस. लीस्बेथ चाटच पडली. “कसं जमतं तुला हे?” तिने विचारलं होतं.

“पुस्तकात वाचलं होतं,” मी सांगितलं. साफ खोटं. पण खरं सांगायची माझी छाती नव्हती.

खरं काय ते एकाच बाईने ओळखलं, ती म्हणजे तान्ता मार्थीना. तान्ता म्हणजे तिकडची मावशी. पन्नाशीची, ठेंगणी, तोंडात कायम काहीतरी चघळत असलेली. मी बूट काढून अनवाणी टाचेने माती चाचपत चालले होते. टाच टाकली की भरीव कुठे आणि भुसभुशीत कुठे ते कळतं, आणि भुसभुशीत लागलं की खाली अंडं. ती झाडाआडून बघत होती. जवळ आली नि आपल्याकडे विचारतात ना, ‘कुणाची गो तू?’, तस्सं विचारलं. माझी भाषा तोडकीमोडकी, तिची घाईची, पण आमचं जमलं. मावशीला आपल्याकडे अहो कोण म्हणतं? मीही तिला पहिल्या दिवसापासून अगंतुगंच केलं. तिने केळीच्या पानातला भात दिला, मी बसून खाल्ला. तेवढं योरिसने पाहिलं, आणि जेवताना सहज बोलून गेला. योरिस माझ्या वर्गातला, लांबलचक डच पोरगा. मनाने वाईट नाही, पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

ज्वालामुखी बघून आम्ही खाली आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो होतो. बाहेर शेपूट नसलेली काळी माकडं फणसाच्या झाडावर नेहमीची भांडणं करत होती. मोठा आवाजबिवाज काही झाला नाही. नुसता उजेड मळकट झाला. मग टेबलावर, ताटात, केसांत राख पडायला लागली, चाळणीने पीठ चाळावं तशी बारीक. माणसांना धोका नाही, असं गावच्या कचेरीतून सांगत आले. तोंडाला फडकी बांधून आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो. संध्याकाळी पाऊस आला, तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. बरं झालं, राख धुऊन जाईल!

कसली धुऊन जातेय. सकाळी अंगणात पाऊल टाकलं तर पायाखाली कोबा. राख आणि पाणी मिळून सिमेंटचा घालावा तसा कोबा झाला होता, बोटभर जाड आणि टणक. योरिसने बुटाची टाच आपटली, तर टाच दुखली.

आम्ही न्याहारी करत होतो. लीस्बेथ यादी वाचत होती. डोंगर अजून धुमसतोय, सगळ्यांना हलवायचा हुकूम आलाय, अकरा वाजता बस, एकेक सॅक, जास्त सामान नको. तेवढ्यात तान्ता मार्थीना सरळ आत आली. तिने आमच्या टेबलावर, पावाच्या बशीशेजारी एक पिल्लू ठेवलं. मेलेलं. चोचीत आणि डोळ्यांत ओली राख भरलेली.

“अर्ध्यातून वर आलं होतं,” ती म्हणाली. “वर दार बंद. तसंच गुदमरलं.”

मीच तिचं बोलणं इंग्रजीत सांगितलं.

“आणखी किती येणार आहेत?” मी तिला विचारलं.

“आज-उद्यात? पंधरा-सोळा. सतराही असतील.”

“लीस्बेथ,” मी म्हणाले, “पहारी आहेत, कुदळी आहेत. आपण पंधरा जण आहोत. अकराला तीन तास आहेत. फोडू या ना तो कोबा.”

“कुठे फोडशील? झेंड्या कुठे आहेत?”

हीच तर मेख होती. झेंड्या राखेखाली आडव्या झाल्या होत्या. योरिसच्या यंत्रात सगळ्या जागा टिपलेल्या होत्या, पण ते यंत्र पाच मीटर इकडेतिकडे चुकायचं, आणि घरटी दीड-दीड मीटरवर. अंदाजाने पहार घातली तर पिल्लाच्याच डोक्यात जायची.

“मी शोधीन,” मी म्हणाले.

“सत्तेचाळीस घरटी, तीन तासांत? आणि त्यातली नेमकी कुठली पिकलेली आहेत, तुला माहीत आहे?”

मला नव्हतं माहीत. मी तान्ताकडे पाहिलं. लीस्बेथनेही पाहिलं, आणि तिचा चेहरा बंद झाला.

“नाही,” ती म्हणाली. “तेरा मुलांचे आईबाप मला विचारणार आहेत, आणि तुझेही. डोंगरही निसर्ग आहे, वैजयंती, आणि राखही. कोण जगलं, कोण मेलं, ते आपण नोंदवायचं. त्यात हात घालायचा नाही.”

“मग हे पिल्लू नोंदवा,” मी म्हणाले आणि बशी तिच्याकडे सरकवली.

माझ्या आवाजाने मीच दचकले. प्रोफेसरांशी असं बोलायला मला कुणी शिकवलं नव्हतं. पण एकदा तोंड उघडलंच होतं. “अकराला मी बसपाशी असेन. नसले, तर जा तुम्ही,” म्हणून मी उठले.

“ही दुसरी वेळ आहे,” ती मागून म्हणाली. चढ्या आवाजात नव्हे, अगदी हळू. मी ऐकलं आणि चपला शोधायला लागले.

घरट्यांच्या माळावर पोचल्यावर तान्ता कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“फुकट नाही हं,” ती म्हणाली.

“काय हवंय?”

“अंडी. नातीचा बाप्तिस्मा आहे रविवारी. व्याही येणार. आमच्यात मानाच्या ताटात हेच अंडं लागतं. दहा दे.”

“माझी आहेत का द्यायला?”

“मग माझा शब्द तरी तुझा आहे का? सतरा घरटी मला ठाऊक आहेत. तुला नाहीत.”

बरोबर होतं तिचं. पिल्लू धरलेलं अंडं कुणी खात नाही, त्यामुळे कुठलं अंडं आजचं, कुठलं महिन्याचं आणि कुठलं पिकलेलं, हे चोरालाच पाठ असावं लागतं. आमच्या पंधरा वह्यांमध्ये जे नव्हतं, ते तिच्या डोक्यात होतं. मी हिशेब करत बसले नाही. आमच्या बंदरावर मासळीचा भाव करतात तसा केला.

“चार.”

“आठ.”

“पाच. आणि ताजीच. पिल्लू धरलेल्याला हात लावायचा नाही.”

“आणि वर एक,” ती म्हणाली. “बाळंतिणीसाठी.”

“सहा. चल, लाग कामाला.”

तिने पहार घेतली, पण फोडायला नाही. ती पहार कोब्यावर हलकेच आपटायची आणि कान द्यायची. भरीव जागी आवाज ठणठणीत यायचा. खाली माती मोकळी असली की बद्द. बद्द आवाज आला की माझ्याकडे बघून म्हणायची, “हे गेल्या आठवड्यातलं, सोड,” नाहीतर, “हे! हे फोड.” मी कुदळीच्या बोथट बाजूने कडेकडेने कोबा फोडायचे, खपल्या उचलून फेकायचे आणि खालची माती हाताने सैल करायचे. पहिल्या तीन घरट्यांत काहीच हललं नाही. चौथ्यात हाताला पंख लागले. गार. मी ते पिल्लू बाजूला ठेवलं आणि पुढच्या जागी गेले. हात सोलपटले होते, तोंडात राख करकरत होती. रडायला वेळ नव्हता, आणि रडण्यापेक्षा राग जास्त येत होता. कुणाचा, ते मात्र सांगता आलं नसतं.

मागे पावलं वाजली. लीस्बेथ आली वाटून मी वळलेसुद्धा नाही.

“मला काय करू सांग,” योरिस म्हणाला. त्याच्या हातात स्वयंपाकघरातला मोठा लोखंडी झारा होता.

“कालवण ढवळायला आलायस की कोबा फोडायला?”

“उरलेल्या कुदळी कुलपात आहेत गं.”

“असू दे. खपल्या उचल. आणि परवाची ती चुगली…”

“हो. चुकलं माझं.”

“चुकलंच. उचल खपल्या.”

सातव्या घरट्याची माती मी सैल करत होते, तेवढ्यात तीच वर हलली. मी हात मागे घेतला. आधी चोच आली, मग राखेने माखलेलं तपकिरी डोकं. एक डोळा उघडला आणि माझ्याकडे असा वटारला, की जणू उशीर मीच केला होता. मग ते धडपडत सगळंच वर आलं, दोन-तीनदा आपटलं, धापा टाकत बसलं. योरिसने श्वास रोखला होता. तान्ताने मात्र पहार खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवून त्याला हाकललं, अंगणातली कोंबडी हाकलावी तसं. “जा! जा की! कसली वाट बघतोयस!” आणि ते उडालं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी उडालं, सरळ पलीकडच्या झाडावर जाऊन बसलं.

“अगं बाई गं!” मी ओरडले, मराठीतच. योरिस काही न समजता माझ्याबरोबर ओरडला.

पावणेअकरापर्यंत सतराच्या सतरा फोडून झाली. डोळ्यांदेखत पाच उडाली. दोन मेलेली निघाली. उरलेल्या दहांना वाट मोकळी करून दिली. पुढे त्यांचं काय झालं, ते मला आजतागायत ठाऊक नाही.

लीस्बेथ आली तेव्हा तान्ता आपला वाटा काढत होती. दडवादडवी नाही, घाई नाही. एकेका ताज्या घरट्यावरचा कोबा फोडून, कोपरापर्यंत हात घालून अंडं काढायची, पदराच्या टोकाने पुसल्यासारखं लुंगीला पुसायची आणि टोपलीत गवतावर ठेवायची. चार. पाच. लीस्बेथ चार पावलांवर उभी होती.

“हिला परवानगी कुणी दिली?”

“मी,” मी म्हणाले.

“सहा,” तान्ता म्हणाली, टोपलीवर फडकं टाकलं, आणि लीस्बेथच्या शेजारून मान ताठ ठेवून निघून गेली.

दोन दिवसांनी शहरातल्या हॉटेलात लीस्बेथने मला तिच्या खोलीत बोलावलं. चहा मागवला. तिने समोर एक टाइप केलेला कागद ठेवला आणि त्यावर पेन आडवं ठेवलं.

“वाच,” ती म्हणाली.

मजकूर थोडाच होता. ‘मार्थीना नावाच्या स्थानिक अंडीचोर बाईने मला फसवून संरक्षित पक्ष्याची सहा अंडी पळवली. माझ्या अपरिपक्वपणामुळे हे घडलं. मला माझ्या वागण्याचा खेद आहे, आणि मी यातून धडा घेतला आहे.’ खाली माझ्या सहीची जागा. त्याखाली बारीक अक्षरात, प्रत वनखात्याला.

“सही केलीस की प्रकरण संपलं,” लीस्बेथ म्हणाली. “तू माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी आहेस. मला तू राहायला हवी आहेस.”

“आणि तान्ताचं काय होईल?”

“कायद्याने व्हायचं ते होईल.”

“तिने मला फसवलं नाही. सौदा मी केला.”

“वैजयंती, मी तुझी शत्रू नाही. या पक्ष्याचे काही हजारच उरलेत जगात. आज सहा अंडी. उद्या प्रत्येकाने असाच सौदा केला तर?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही मला त्याचं उत्तर धड देता येत नाही. पण त्या कागदावरचा प्रत्येक शब्द खोटा होता, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी पेनाला हात लावत नाही हे पाहून ती म्हणाली, “एक खरं सांग. घरटी शोधायला तू पुस्तकात शिकली नाहीस. त्या बाईने शिकवलं ना?”

“नाही. माझ्या वडलांनी.”

“ते जीवशास्त्रज्ञ आहेत?”

“चोर आहेत,” मी म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा मी हे कुणापाशी बोलले. आणि एकदा बोलल्यावर थांबायचं काही कारणच उरलं नाही.

“आमच्या किनाऱ्यावर समुद्रातून कासवं येतात अंडी घालायला. माझे बाबा पुळणीवर अनवाणी चालून घरटी शोधायचे आणि अंडी बाजारात विकायचे. माझ्या वह्या, गणवेश, सगळं त्याच्यावर झालं. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचे. टाच कशी टाकायची, ते त्यांनी शिकवलं. मग शहरातली संस्था आली. म्हणाली, कासवं वाचवायची. बाबा म्हणाले, वाचवू. कारण घरटी त्यांच्याशिवाय कुणाला सापडतच नव्हती! त्यांना खाकी टोपी दिली, रखवालदार केलं. चांगलंच झालं, मी वाईट म्हणत नाही. पण दर वर्षी पिल्लं समुद्रात सोडायचा सोहळा होतो. शहरातले पाहुणे येतात. आणि दर वर्षी बाबांना व्यासपीठावर उभं करून माइक देतात. त्यांनी म्हणायचं, ‘मी आधी चोर होतो. साहेबांनी माझे डोळे उघडले.’ मग लोक टाळ्या वाजवतात. मी सोळा वर्षांची असताना पहिल्या रांगेत बसून ते ऐकलं, आणि त्या दिवसापासून बाबा काय करायचे, ते मी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांची लाज वाटली. त्यांची! ज्यांना एकही घरटं सापडत नव्हतं, त्या लोकांची वाटायला हवी होती.”

लीस्बेथने चहाचा कप खाली ठेवला. “मी तुझ्या वडलांचा अपमान केलेला नाही.”

“तुम्ही हाच माइक माझ्या हातात देताय,” मी म्हणाले. “आणि तान्ताला चोर म्हणायचं कामही माझ्याकडूनच करून घेताय.”

मी पेन उचललं. तिला वाटलं, सही करतेय. मी मजकुरावर एक आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘सतरा घरटी उघडली. पाच पिल्लं उडाली, दोन मेली, दहांचं ठाऊक नाही. सहा अंडी मार्थीना यांना मी दिली. त्यांच्या माहितीशिवाय एकही घरटं सापडलं नसतं.’ त्याखाली पूर्ण नाव लिहिलं, वैजयंती धाकू तोडणकर.

लीस्बेथने ते दोनदा वाचलं. “यानंतर मी तुला वाचवू शकत नाही.”

“मला वाचवायला सांगितलंय कुणी?” मी म्हणाले. उद्धटपणा होता तो, कबूल आहे. पण मागे घ्यावासा कधी वाटला नाही.

विद्यापीठाने मला काढलं. वनखात्याकडे काही गेलं नाही, एवढं मला योरिसकडून पुढे कळलं. तो कागद लीस्बेथने पाठवलाच नाही म्हणे. का, ते तिचं तिला माहीत. पदवी मी पाच वर्षांनी दुसरीकडून घेतली, पण ती रडकथा इथे नको.

त्याच संध्याकाळी हॉटेलातूनच मी घरी फोन लावला होता.

“बाबा, मला काढलं.”

“कशापायी गो?”

“अंडी दिली एका बाईला. मालेओ म्हणून पक्षी आहे, त्याची.”

“किती?”

“सहा.”

“नि पिल्लं?”

“पाच उडाली माझ्यासमोर. आणखी दहांना वाट करून दिली.”

मग बाबांनी विचारलं, “माफी मागायला लावली आसंल?”

“लावली. नाही मागितली.”

“बरं,” ते म्हणाले. “जेवलीस काय?”

मार्चमध्ये पिल्लं सोडायचा सोहळा झाला. मी परत आलेली. वाडीत कुजबुज चालली होतीच, शाल घेऊन गेली नि नाक कापून आली. मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसले, आईला हाताला धरून. पुण्या-मुंबईची दोनेकशे माणसं, गळ्यात कॅमेरे. संस्थेच्या साहेबांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून माइक त्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, “सांगा धाकूमामा, तुमची गोष्ट सांगा लोकांना.”

बाबांनी खाकी टोपी काढून बगलेत धरली. घसा खाकरला.

“मी धाकू तोडणकर,” ते म्हणाले. “ह्या पुळणीवरचा एकूण एक घरटा माझ्या टाचेला ठाव हाय. आधी अंडी विकली, त्याच्यावर पोर शिकवली. आता राखतो. तवा बी मीच शोधीत होतो नि आता बी मीच शोधतो. डोळे माझे आधीपासून उघडेच हायत.” त्यांनी माइक साहेबांना परत दिला. परत काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा घेतला. “ती बघा, माझी पोर. पुढं बसलीय.”

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कुणाला कळेना.

मी उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटीच. हात मुळातच राकट, त्यामुळे आवाज चांगला मोठा येत होता.

आईने माझा पदर ओढला. “खाली बस गो! लोक बघतायत!”

“बघू देत,” मी म्हणाले.